कोडगी

अण्णा, तुम्ही मला कोडगी म्हणालात ते चूक होतं. हे लिहून सांगायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

दिंडोरीच्या द्राक्षबागेत आपला कुत्रा मेला तो दिवस आठवा. धाकट्या भावानं त्याच्या पाण्यात फवारणीचं औषध ओतलं होतं, काय होतं ते बघायला. मी धावत पोहोचेपर्यंत कुत्रा पाणी प्यायला होता. तुम्ही आम्हा दोघांना ओट्यावर उभं केलंत. धाकटा तुमच्या पायांना मिठी मारून हुंदके देतोय, "अण्णा, ताईनं बाटली उघडी ठेवली व्हती!" मी कुत्रा पडला होता तिकडे बघत उभी. "बघ, टिपूस नाय हिच्या डोळ्यात. कोडगी हाय, काळीजच नाय हिला," असं आईला म्हणालात आणि त्याचे डोळे पुसलेत. कुत्र्याला मी एकटीनं बांधाशी पुरलं. कित्येक दिवस घास उतरेना, तर त्यालाही तुम्ही माज म्हणालात. तो शब्द मी खरा मानला. लग्नाला नाही म्हटलं तेही आपल्याला काळीजच नाही या भीतीनं.

आता मी तुरुंगात कैद्यांची मनं तपासते. एक जण बायकोला कसं मारलं ते सांगताना असा रडला, की शेजारचा हवालदारही विरघळला. डोळे पुसता पुसताच त्यानं विचारलं, "मॅडम, आज चहा नाय का?" त्याला रडता येत होतं, वाईट वाटत नव्हतं. माझं नेमकं उलटं होतं, अण्णा, आणि ते धडधाकट मनाचं लक्षण होतं! धाकट्याला मात्र मी काही ठरवणार नाही. नऊ वर्षांच्या पोरावर असा शिक्का मारत नसतात. तेरा वर्षांच्या पोरीवरही मारत नसतात, तुम्ही मारलात.

दशक्रियेला रामकुंडावर तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. धाकटा ढसाढसा रडला, "ताईला सांभाळीन" म्हणाला. तरी नाही. गुरुजी मला म्हणाले, "ताई, तुम्ही बोला काहीतरी." सगळ्यांना वाटलं, मी माफी मागेन. मी मनात म्हटलं, अण्णा, मी कोडगी नाही. पटत असेल तर या. आणि कावळा आला.

त्याला भूक लागली असेल, एवढं मलाही कळतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेही कळतं. पण रोज दुपारी डब्यातला पहिला घास मी खिडकीत ठेवते, आणि कावळा शिवेपर्यंत मला जेवण जात नाही.