श.बाईंचा पेला

१२ फेब्रुवारी १९८३
आईसाठी बाई मिळाली एकदाची. शकुंतलाबाई, वणीकडच्या. मी ऑफिसात असेपर्यंतच थांबणार. अर्धांगवायूने आईची एक बाजू गेली, माझ्या रजा संपल्या, साहेब रोज टोमणे मारतात. ही टिकली नाही तर नोकरी गेलीच.

१९ फेब्रु.
श.बाईंचं काम चोख. आईचं हागणं-मुतणं काढतात, कपाळावर आठी नाही. पण आपल्याकडे घोटभर पाणी घेत नाहीत. चहा पुढे केला तर, "नको ताई, घरनं पिऊन येते." रोज? एवढ्या उन्हातून चालत येऊन?

२३ फेब्रु.
सरळ विचारलं. खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही बौद्ध ना ताई. इथं प्यालेलं कळलं तर सासू चुलीपाशी येऊ द्यायची नाय. मी घरी जाऊन आंघोळच करते."
म्हणजे हात चालतो, पाणी चालत नाही. डोकं फिरलं. उद्यापासून येऊ नका, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. दुसरी कोण मिळणार?

२६ फेब्रु.
आईला ताप. डॉक्टर म्हणतात, पाणी फार कमी पडतंय, लघवीला इन्फेक्शन. श.बाई रडकुंडीला. "मी दिलं की तोंडच मिटून घेतात, ताई."
आईला विचारलं. जड जिभेने एकेक शब्द, "ती... पिऊ दे... आधी." त्या दिवशीचं सगळं ऐकलं होतं तर. अशी चिडले तिच्यावर. मरायचंय का हट्टापायी? ती हसली, अर्ध्या तोंडाने.

२ मार्च
घरी आले तर ताप उतरलेला, तांब्या रिकामा. श.बाई म्हणाल्या, "प्याले ना मी. चहा बी केला दोघींना." क्षणभर बरं वाटलं. मग दिसला, मांडणीच्या कोपऱ्यात वेगळा, पालथा, स्टीलचा पेला. त्यांचा, घरून आणलेला. "इथंच राहू द्या," म्हणून गेल्या.
आई नामपूरला लहानपणी कांद्याच्या कामावर जायची. मालकाच्या ओट्याबाहेर कोनाड्यात कान तुटलेला कप असायचा, आपल्या लोकांसाठी. पिऊन, विसळून परत तिथेच. आता तोच कोनाडा माझ्या घरात. आणि आईला वाटतंय, जिंकले. संताप संताप झाला.

३ मार्च, सकाळ
माझा चहा मी त्याच पेल्यात प्यायले. विसळून जागच्या जागी पालथा घातला.
सांगितलं तर त्या जातील. नाही सांगितलं तर त्याच पेल्यातून पितील, आणि त्यांना पिताना बघून आईही पाणी घेईल.
तांब्या भरून ठेवलाय. फाटक वाजलं.