उजव्या बाजूची काच

लखनौ,
१० मार्च १९९७

प्रिय जुई,

सहा वर्षांनी बाप पत्र लिहितो आणि सुरुवात करतो ती गाडीच्या काचांवरच्या फिल्मपासून, हे वाचून तू कपाळाला हात लावशील. खुशाल लाव. तुला माहीतच आहे, मुद्द्याची गोष्ट मला सरळ सांगता येत नाही, आधी गावभर फिरून यावं लागतं. तर सांगायचं म्हणजे, काल मी आपल्या मारुतीची काळी फिल्म काढून टाकली. सगळ्या काचांची. लालबागेतल्या नफीस मियाँनी ती लावली होती, त्यांच्याकडूनच काढून घेतली. आज सकाळी बँकेत जाताना सगळं इतकं लख्ख दिसत होतं की पहिल्या चौकात मी गोंधळून ब्रेकच लावला.

ही फिल्म कधी लावली ते तुला आठवत असेल. एक्क्याण्णवचा मे, तू हैदराबादला निघालीस त्याच्या आदल्याच दिवशी. नफीस मियाँ काचेला आतून साबणाचं पाणी मारत, फिल्म अलगद पसरत आणि रबरी पट्टीने मधोमधून कडेला पाणी ढकलत नेत. काम बघत राहावं असं होतं. वर छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाँच साल की गारंटी है साहब, रंग उड़ जाए तो मेरा नाम बदल दीजिएगा." आणि निघताना बजावलं, "बस चार दिन शीशा मत उतारिएगा. पानी सूखने दीजिए, वरना किनारा छोड़ देगी." मी आपला बँकेतला माणूस, हेड ऑफिसचं परिपत्रक ऐकावं तसं ते ऐकलं.

लोकांना सांगितलं, लखनौचा उन्हाळा सोसत नाही म्हणून लावली. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. खरं कारण ऊन नव्हतं गं. त्याच महिन्यात तू चंद्रकांतच्या प्रसादशी ठरलेलं लग्न मोडलंस. तुला पुढे संशोधन करायचं होतं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, आणि तू शांतपणे नाही म्हणालीस. चंद्रकांत माझा वीस वर्षांचा मित्र. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना पेढे वाटून झालेले. हजरतगंजच्या सिग्नलला थांबलो की वाटे, शेजारच्या स्कूटरवरचा माणूस वाकून माझ्या तोंडाकडेच बघतोय. बघत कुणी नसणार, लखनौच्या माणसाला आपल्या पाच-पन्नास मराठी घरांशी काय घेणं! पण मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि ते लपवायला मी काचा काळ्या करून घेतल्या. एवढा शहाणा तुझा बाप.

फिल्म काही पाच वर्षं टिकली नाही. दोन उन्हाळ्यांतच मागची काच जांभळी पडली, मग बाजूच्याही. कडांना बुडबुडे आले, कोपरे नखासारखे वर वळले. मी भांडायला गेलो तर नफीस मियाँ गोड हसले, चहा मागवला आणि म्हणाले, स्वस्त फिल्मला नुसता रंग दिलेला असतो, तो ऊन खाऊन टाकतं, चांगल्या फिल्मला धातूचा मुलामा असतो, तुम्ही महाग म्हणून ती घेतली नाहीत. नाव बदलायची आठवण करून दिली तर म्हणाले, "तो अब जो जी चाहे पुकार लीजिए." नवी फिल्म लावून देतो असंही म्हणाले. मी नको म्हणालो. तोवर मला त्या जांभळ्याची सवय झाली होती.

तुला कसं सांगू, त्या काचांतून हे शहर निराळंच दिसायचं. भर दुपारी संध्याकाळ झालेली असायची. गोमतीचं पाणी, इमामबाड्याच्या कमानी, चिनहटकडे जाणारा धुळीचा रस्ता, सगळं मंद, विरघळलेलं, कधीतरी पूर्वी पाहिल्यासारखं. रविवारी तुझी आई झोपली की मी उगीच गाडी काढायचो आणि जानकीपुरमला जायचो. आता तिथे घरं झाली आहेत. पण जांभळ्या उजेडात ती अर्धवट पुसली जायची आणि मधूनच मोकळे प्लॉट दिसायचे, जिथे तू गाडी शिकलीस. एकोणीस वर्षांची होतीस. स्टिअरिंगवर एकच हात, दुसरा खिडकीबाहेर, वाऱ्यात बोटं पसरलेली. मी ओरडायचो, हात आत घे. तू आत घ्यायचीस आणि पुढच्या वळणाला पुन्हा बाहेर. कितीदा तरी त्या रस्त्यावर समोरून आपलीच गाडी येताना दिसली मला, आणि तिच्या खिडकीबाहेर हात. वय झालं की असले भास होतात म्हणे. होऊ देत, मला काही तक्रार नाही.

काल फिल्म काढताना मात्र चोरी पकडली गेली. नफीस मियाँ वाफ देऊन, पात्याने खरवडून एकेक काच मोकळी करत होते. बाकीच्या दारांच्या काचांच्या फिल्मवर उभे ओरखडे होते, काच वरखाली करताना रबराने पडतात तसे. माझ्या बाजूची, उजवी काच आली तसे ते थांबले. तिच्या फिल्मवर एकही ओरखडा नव्हता. बोट फिरवून म्हणाले, "साहब, यह वाला तो कभी उतरा ही नहीं." खरंच होतं ते. सहा वर्षं पेट्रोल पंपावरदेखील मी दार उघडून बोलत आलो आहे.

कारण त्या काचेशी तू उभी होतीस, जुई. तुझी रिक्षा फाटकाशी आली होती, आई तुझ्याबरोबर चारबाग स्टेशनला निघाली होती, आणि मी फिल्मचे बुडबुडे तपासायच्या निमित्ताने सकाळपासून गाडीत जाऊन बसलो होतो. आईने तुझ्या हातावर दही ठेवलं. ते तसंच घेऊन तू गाडीजवळ आलीस. बाहेरून तुला काळ्या काचेत तुझाच चेहरा दिसत असणार. मला आतून तू पूर्ण दिसत होतीस, तुझ्या कपाळावरची बटसुद्धा. तू डाव्या हाताने टकटक केलंस. पुन्हा केलंस. मग दह्याचा हात काचेवर ठेवलास आणि काहीतरी बोललीस. माझा हात काचेच्या हँडलवर होता. दोन वेढे फिरवायचे होते फक्त.

नंतर आईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, चार दिवस काच खाली करायची नव्हती, फिल्म खराब झाली असती. सहा वर्षं आपल्या घरात हेच उत्तर चालू आहे. तिचा विश्वास बसला नसेल, पण तिने पुन्हा विचारलं नाही. ते खोटं होतं. माझे डोळे भरले होते, आणि काच खाली केली असती तर मी तुला सुखरूप जा म्हणालो असतो. तेवढं म्हणायचं नव्हतं मला, कारण म्हटलं की हरलो असतो. एका पोरीचा निरोप न घेऊन मी जिंकलो, आणि तेव्हापासून त्या काचेआड बसून आहे.

तुझ्या हाताचा ठसा मी पुसला नाही. गाडी धुणाऱ्या सतीशला सांगितलं, ही काच राहू दे. पावसाने तो गेला. पण जानेवारीत धुकं पडलं की काचेवर दव धरायचं आणि त्यात पाच बोटं उमटायची. तुपकट डाग असतात, असं आई म्हणते. असतील. मी त्या सकाळी गाडी उशिरा काढायचो.

आता मुद्दा. तू आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तिने मुद्दाम टेबलावर ठेवलं होतं असं मला वाटतं. अठरा तारखेला दुपारच्या विमानाने तू अमौसीला उतरणार, औषधं शोधणाऱ्या इथल्या संस्थेत तीन दिवस काम आहे, गेस्ट हाउसवरच राहीन, आईने तिकडेच भेटायला यावं, बाबांना त्रास नको. जुई, मला तो त्रास हवा आहे. मी अमौसीला येतो. तू घरी चल असा आग्रह नाही, गेस्ट हाउसला सोडायचं तर सोडीन, आणि गाडीत बसायचं नसलं तर नुसती शेजारून जा. गाडी तीच आहे, पांढरी मारुती, कडांना थोडा डिंक राहिला आहे तो या आठवड्यात काढतो. उजवी काच काल फार कुरकुरली, मधेच अडली, मग नफीस मियाँनी तेल सोडलं आणि मी तीस-चाळीस वेळा वरखाली केली. ते हसत होते. त्या दिवशी तू बाहेरून काय बोललीस, ते मला ऐकू आलं नव्हतं. तुला आठवत असलं तर पुन्हा सांग. काच खाली असेल.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा