गावंडे सरांचा सोडियम

४ ऑगस्ट
वरवट बकालच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राला नवे मास्तर आलेत, गावंडे. अकरावी 'ब' त्यांच्याकडे. 'अ' माझी, पण माझीच पोरगी, समीक्षा, नेमकी 'ब'मध्ये. जेवताना म्हणे, "बाबा, सरनं आज आम्हाले मैदानात अणू करून दाखवला. मधात केंद्रक, भोवती दहा पोरं, अन् लांब मी एकटी. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन!"
हेच मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो.
"तुम्ही असं काऊन नाही शिकवत?"
अर्धी भाकर ताटात ठेवून उठलो.

७ ऑगस्ट
तास नव्हता. उगाच मैदानाकडून गेलो. ग. (गावंडे) पोरांना सांगून राह्यले होते, "आतले दहा भिंतीसारखे आडवे येतात, म्हणून केंद्रकाची ओढ समीक्षापर्यंत पोचतच नाही."
चूक! भिंत कशाची? केंद्रक ओढतंच. आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्याला दूर ढकलतात, म्हणून ती ओढ कमी पडते. पण पोचते.
इतका आनंद झाला की येताना जिलेबी घेतली. बायको म्हणे, "आज काय हो?" काही नाही म्हटलं.

८ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर चूक सांगितली. आवाज चढलाच जरा. ग. म्हणाले, "हाव सर, चुकलंच माझं. बरं झालं सांगितलं."
एवढंच. मी घरून केवढी तयारी करून गेलो होतो. भांडतही नाही हा माणूस.

११ ऑगस्ट
समीक्षा उड्या मारत घरी. "सरनं खेळ बदलला! केंद्रक मले दोरीनं ओढे, अन् आतले दहाही जण मले बाहेर रेटत. लगेच समजलं, हा इलेक्ट्रॉन सहज काऊन सुटते ते. अन् सर सगळ्याइले म्हणे, हे मले समीक्षाच्या बाबांनी समजावलं."
केवढी खूश होती. मला मात्र... माझंच सांगणं, ते गोड लागायला त्याचं तोंड लागलं.

१९ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. ग. यंदापुरतेच आहेत. पुढं ठेवायचे की नाही, जुना म्हणून माझं मत पाहिजे. "तुम्ही नको म्हणाल तर दुसरा पाहू." उद्या सांगतो म्हणालो.
संध्याकाळी समीक्षा चहा घेऊन आली. "बाबा, बारावीले गावंडे सरच राहतीन न?"
"पाहू."
कप ठेवून ती तिथंच उभी.
"पाहू काऊन?"