माहेरच्या लुगड्याची तपासणी

राजमान्य राजश्री केशोराव दादा, मुक्काम मुंबई, यांस गोंदियाहून तुमचे मेहुणे शालीकराम यांचा रामराम. इकडे सारे ठीक (म्हणजे जे जिवंत आहेत ते). वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवावं.

सोबत हिरव्या कापडाची चिंधी धाडली आहे. तुम्ही कस्टमात बसून जपानी कापडाची जात ठरवता, रेशमाची जकात लावायची की लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या नकली रेशमाची. या चिंधीचं तेवढं ठरवून द्या, माझा जीव टांगणीला लागला आहे. तुमची बहीण अनुसया गेली तेव्हा तुम्हाला यायला जमलं नाही. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, म्हणून मी दुकानातल्याच ठाणातून फाडलं आणि तुमच्या नावानं नेसवलं. ठोक व्यापारी गुलाबचंद असली रेशीम म्हणाला होता (त्याचं बोलणं काय धरता). तुम्हीच शिकवलं होतं, धागा जाळून पाहावा, केस जळाल्याचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर नकली. मी घाटावर नाक लावून उभा राहिलो. वास केसांचाच आला. पण दादा, केस तर तिचेही होते ना.

आता दिवेलागणीला ती दुकानात येऊन राहिली. गादीसमोर गिऱ्हाइकासारखी बसते आणि पदर चिमटीत धरून चोळते. मी भीत नाही (बकाराम दिवाणजीनं नोकरी सोडली, पण तो मूळचाच भित्रा). उरलेल्या तुकड्यातला धागा दिवसा जाळला की कागदाचा वास येतो, ती समोर असताना जाळला की केसांचा. असल्या मालाला तुमच्या पुस्तकात कोणतं कलम आहे? काल पहिल्यांदा बोलली, अगदी हळू. "दादानं मले नकली धाडलं का जी?" मला रडूच आलं. कापडवाल्याची बायको जन्मभर सुती नेसली, कधी तोंड उघडून मागितलं नाही. मी म्हणालो, मले काय माहीत, दादालेच विचार.

आपला,
शालीकराम

ता. क. आज दिवे लागले, पण ती आली नाही. दुकान कसं ओकंओकं वाटून राहिलं.

आणखी ता. क. स्टेशनवरचा हमाल उदाराम आत्ताच सांगून गेला. मुंबई मेलच्या बायकांच्या डब्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई चढली, तिकीट विचारायची कोणाची छाती झाली नाही. चिंधीला जकात लावायची ती लावा, पण तिनं विचारलं तर रेशीमच सांगा. हे पत्र उद्याच्या मेलनं निघेल, म्हणजे तोवर तुमची गाठ पडलेली असेल. काय सांगितलंत तेवढं उलट टपाली कळवा.