देठाला धरून

नाना,

आज ऑफिसातून येताना वाट वाकडी करून त्या फ्रेंच माणसाच्या द्राक्षमळ्यापर्यंत गेलो. फाटकापाशी गाडी थांबवली, आत गेलो नाही. तोडणी चालू होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या दिवसांत मला दुसरं काही सुचत नाही.

२००६ साली आई गेली आणि मी तुम्हाला इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला घेऊन आलो. तुम्ही खिडकीशी बसून राहायचात. जेवा म्हटलं की जेवायचात, फिरायला चला म्हटलं की बूट घालायचात. स्वतःहून काही मागत नव्हतात, त्याची मला भीती वाटायची. तो मळेवाला शनिवारी तोडणीला हौशी माणसं बोलावतो असं कळलं. वाटलं, उभा जन्म द्राक्षबागेत काढलाय, वेलीला हात लागला तर जगावंसं वाटेल तुम्हाला.

पहिल्या दिवशी सगळे भराभर घड कापून क्रेटमध्ये टाकताहेत आणि तुम्ही एकाच वेलीशी. घड देठाला धरायचा, मण्यांवरची पांढरी लव पुसू द्यायची नाही, बारके, सुकलेले मणी कात्रीच्या टोकाने काढायचे, क्रेटमध्ये एकच थर लावायचा. मालक हसत आला. "वडिलांना सांग, वाइनची द्राक्षं आहेत, दिसायला चांगली नसली तरी चालतील. चिरडायचीच आहेत." मी सांगितलं. "मग कात्री कशाला दिलीय," तुम्ही म्हणालात, "खराटा द्यायचा." कित्येक महिन्यांनी तुम्ही काहीतरी तिरकस बोललात. मला एवढं बरं वाटलं. पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होतात.

शेवटच्या शनिवारी त्याने आपल्याला शेडमध्ये नेलं. यंत्रात घड पडत होते आणि खालून गढूळ रस येत होता. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "मांडवाखाली मान वर करकरून तुझ्या आईने विरळणी केली. एकेक मणी काढायची. पेटी उघडल्यावर लोकांना बरं दिसावं म्हणून. शेवटपर्यंत मान दुखायची तिची." मालकाने हात पुढे केला, "पुढच्या वर्षी या." गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी कोण येतंय."

"असं काय बोलता, नाना."

"गाडी चालव."

त्यानंतर तुम्ही परत खिडकीशी बसलात. फेब्रुवारीत गेलात, तिकडे आपल्याकडे तोडणी ऐन भरात असते तेव्हा. डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगत होते, मी मान हलवत होतो.

त्या शेवटच्या दिवशी तुम्ही एक घड घरी आणून आईच्या फोटोपुढे ठेवला होतात, लव जराही न पुसता. तो तिथेच वाळला. पुढे घर बदललं तेव्हा मी तो डब्यात घालून इकडे आणला. आज मळ्यावरून आल्यावर डबा उघडला. तुम्ही शिकवलं तसा देठाला धरून उचलला. देठ हातात राहिला आणि मणी खाली सांडले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. मणी अजून जमिनीवर आहेत, नाना. मी ते उचललेले नाहीत.