दिव्यावरची काळी टेप

बुधवार, संध्याकाळ. नसरापूर.

हात दोनदा धुतले तरी किळस जात नाही. ग्रीसची नव्हे, दाजींची.

पासलीच्या नर्सबाई दुपारी गॅरेजवर आल्या. गाडी माझ्या दाजींकडून, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडून, नुकतीच घेतलेली. काल घाटात ओढेना, नुसता काळा धूर. मागं बाळंतीण बसलेली.

धूर इंजिनात परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह पाहिला, उघडाच राहिलेला. थेट करंट दिला तर नीट हलतो. मग त्याच्या वायरच्या प्लगला मीटर लावला, तिथं करंटच नाही. वायर पत्र्याला घासून तुटली होती. जोडली, गाडी सुधारली.

पण मग डॅशबोर्डवरचा इंजिनातला बिघाड दाखवणारा दिवा का लागला नाही? खोलून पाहिलं. दिव्यावर काळी टेप! कात्रीनं नीट कापून चिकटवलेली.

बाई म्हणाल्या, "दाजी म्हणाले, मेव्हण्यानं तपासलीय. म्हणून तर घेतली."

मी ती गाडी कधी उघडलीही नव्हती.

फोन लावला. दाजी हसले. "आरं, दिवा दिसला आसता तर कुनी घेतली आसती का? सांग बाईला कायतरी."

थू! टेप बाईंच्या हातावर ठेवली, सगळं खरं सांगितलं. दाजींना तेही कळवलं. लई भडकले. "आता भाऊबीजेला तुझी बहीण येनार न्हाई!"

आत्ता ताईचा फोन आला. म्हणाली, "मी येनार हाय. यष्टीनं. एकटी."