अक्कांची शुक्रवारची पुस्तकं

अक्का,

आज आपल्या कॉलेजात जाऊन आले. नव्या लायब्ररियन बाईंनी पहिल्या वर्षाच्या मुलींसमोर बोलायला बोलावलं होतं. संदर्भग्रंथ कसे पाहावेत, जुनी नियतकालिकं कुठे शोधावीत, प्रबंधासाठी साधनं कशी जमवावीत, असलं काहीतरी. मी बोलले. मुली वहीत उतरवून घेत होत्या, मागच्या बाकावरच्या दोघी भलत्याच गप्पा मारत होत्या, सगळं नेहमीसारखं. कार्डांची कपाटं हलवून तिथे आता संगणक मांडलेत. शेवटी टाळ्या झाल्या, फिल्टर कॉफी झाली, आणि मी बसने टी. नगरला परत आले. कुलूप उघडून आत आल्यावर वाटलं, कुणाला तरी सांगावं. ह्यांना जाऊन काही वर्षं झाली. लेक बंगळूरला, तिचा फोन रविवारी येतो आणि तो निम्मा इंग्रजीत असतो. शेजारच्या मामींना तमिळमध्ये सांगितलं असतं, पण जे सांगायचं होतं ते तमिळमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी मराठी बोललात तो दिवस मला अजून दिसतो. लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आले होते. ह्यांची नोकरी फिरतीची. महिन्यातले बरेच दिवस मी आणि दोन खोल्या. भाजीवालीशी बोटांनी बोलायचं, बस कंडक्टरला पत्ता लिहिलेला कागद दाखवायचा. संध्याकाळी कधी कधी ध्यानात यायचं की सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही. ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा गाठीशी होता म्हणून तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अर्ज केला. मुलाखतीला तुमच्यासमोर बसले. निळ्या काठाची सुती साडी, चष्म्याची दोरी मानेवर, समोर माझा अर्ज. सगळे प्रश्न तुम्ही इंग्रजीत विचारलेत. मी चुकतमाकत उत्तरं दिली आणि नोकरी गेली असं समजून उठले. तेव्हा तुम्ही मान वर न करता विचारलंत, "जेवलीस की?"

मी उभीच राहिले. मग तुम्ही वर पाहिलंत. "काय गो, ऐसं काय पाहतेस? आमच्या घरी हेच बोलतात. तंजावरचे आम्ही. मज लिहायला येत नाही, वाचायला येत नाही. बोलायला मात्र येतं."

मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली. तुमची मराठी माझ्या आजीच्या पोथीतून उठून आल्यासारखी होती, आणि तिच्यावर चाल तमिळची. वाक्य शेवटाला येऊन वर उचललं जायचं. कॉलेजातले सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मी अक्का म्हणू लागले, कारण तो शब्द तुमच्याकडेही होता आणि माझ्याकडेही.

मैलापूरच्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा जेवले तो रविवार होता. तुमची आई गेलेली, भाऊ दिल्लीला. त्यांची मुलं सुट्टीत यायची ती तमिळ आणि इंग्रजी बोलणारी. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसवलंत आणि पानात पिठलं वाढलंत. चिंचेच्या कोळात उकळलेलं, त्यात वांगी, वरून खोबरं.

"हे पिठलं?" मी हसले.

"मग काय सांबार आहे की? पिठलंच. तुम्ही लोक तिकडे काय करता ते तुम्हांस ठाऊक."

मग तुम्हीही हसलात, आणि हसता हसता एकदम थांबून म्हणालात, "आई गेल्यापासून या खोलीत हे बोलणं झालंच नव्हतं." तोवर मी समजत होते की तुम्ही माझ्यावर दया करून मराठी बोलता. त्या दिवशी कळलं की गरज दोघींची होती. तुम्ही ताक वाढायला उठलात आणि ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिलात.

तुमचं पहिलं रागावणंही आठवतं. इतिहासाच्या एम.ए.ची एक मुलगी आली होती. तिला तिच्या गावच्या तळ्याबद्दल काही हवं होतं. मी कार्डं चाळली, त्या गावाचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून खुर्चीतूनच तिला "नाही" असं सांगितलं. तुम्ही तिला थांबवून घेतलंत. तळं कुणी बांधलं हे हवंय, की त्यावरून भांडण झालं ते हवंय, की दुष्काळात ते आटलं होतं का हे हवंय, असं विचारत बसलात. मग जुनी जिल्ह्याची गॅझेटियर, पाटबंधाऱ्याचे अहवाल, एका बंद पडलेल्या मासिकाचे बांधीव अंक, असा ढीग तिच्यापुढे मांडलात. मुलगी त्या ढिगात बुडाली. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, आजूबाजूच्या कुणाला कळू नये म्हणून मराठीत म्हणालात, "नाही म्हणायचं असेल तर उठून, फिरून, मग म्हण. बसल्या जागी नाही म्हणू नकोस." माझे कान तापले. त्या भाषेत मला दुसरं कुणी रागावणारंही तिथे नव्हतं, हे घरी गेल्यावर सुचलं आणि राग निघून गेला.

आणि शुक्रवार. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, वाचनकक्षात एका पुस्तकावर कुणीतरी बोलायचं, ही प्रथा तुमची. पुस्तक कुठलंही चालेल, फक्त ते कपाटातून निघून बोलणाऱ्याच्या हातात असलं पाहिजे. प्राचार्यांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. तरी तुम्ही ती चालू ठेवलीत. कधी खोली भरायची, कधी चार मुली यायच्या, त्यातल्या दोन पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून.

माझी पाळी आली तो नोव्हेंबरचा शुक्रवार. वादळाची सूचना होती, सकाळपासून पाऊस, बस बंद होत चालल्या होत्या, मुलींना लवकर सोडून दिलं. मी समुद्रकाठच्या पक्ष्यांवरचं एक बारकं पुस्तक आठवडाभर तयार केलं होतं, इंग्रजी वाक्यं पाठ करून. खोलीत कोणी नाही. मी पुस्तक परत ठेवायला निघाले.

"कोठे चाललीस?"

"कुणीच नाही, अक्का."

"मी काय म्हणून बसले आहे? बोल."

मी टेबलामागे उभी राहिले आणि इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यांवर अडखळले. तुम्ही हात वर केलात. "माझ्याशीच बोलतेस, तर इंग्रजीत कशाला?"

मग मी मराठीत बोलले. ओल्या वाळूत चोच खुपसणारे, हजारो मैल उडून अड्यारच्या खाडीवर उतरणारे पक्षी. कुणी त्यांना बोलावत नाही, तरी दर वर्षी येतात. बाहेर पाऊस खिडक्यांवर आपटतोय, रिकाम्या खुर्च्या, आणि तुम्ही हनुवटीखाली हात ठेवून ऐकताय, मध्येच विचारताय, "मग परत जातात ते? सगळे?" मी सांगितलं, काही इथेच राहतात, का ते पुस्तकात दिलेलं नाही. तुम्ही मान हलवलीत. मद्रासला आल्यापासून इतकं बोलले नव्हते मी. त्यानंतर खोली भरलेली असतानाही मी शुक्रवारी बोलले, पण तसं पुन्हा कधी झालं नाही.

पुढचं लिहायला जड जातं. तुमचा आवाज बसला. आधी आपण दोघींनी जुन्या अंकांवरच्या धुळीला दोष दिला. तुम्ही काढे घेतलेत, मी खडीसाखर आणून दिली. डॉक्टरांकडे जायला तुम्ही उशीर केलात आणि गेलात तेव्हा त्यांनी घशाचा कॅन्सर म्हणून सांगितलं. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. दिल्लीहून भाऊ आला, काही दिवस राहिला, गेला. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. सगळ्यांनी रजा घ्या म्हणून सांगितलं, तरी गळ्याभोवती पांढरं सुती कापड गुंडाळून तुम्ही एका सोमवारी कामावर हजर झालात. मी धावत तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहून माझ्यापुढे सरकवलंत. जेवलीस का, असं विचारलं होतं. इंग्रजीत.

दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिणार होतात? तमिळ मला वाचता येत नव्हतं, आणि मराठी तुमच्याजवळ फक्त तोंडात होती. मी "हो" म्हटलं आणि नियतकालिकांच्या खोलीत जाऊन कपाटांच्या मध्ये उभी राहिले. तुमचा जीव वाचला म्हणून आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण रोज मराठीत उत्तर देईल असं माणूस पुन्हा उरलं नाही, हेही त्याच वेळी मनात होतं. पुढचे काही दिवस मी मराठीत बोलायची, तुम्ही इंग्रजीत लिहायचात. चिठ्ठीतल्या तुम्ही कुणीतरी वेगळ्याच होतात, नेमक्या, सभ्य, थोड्या परक्या.

मग एक दिवस तुम्ही लिहिलंत: मला तुझी लिपी शिकव.

दुपारी वाचनकक्ष रिकामा असायचा तेव्हा आपण बसायचो. साठीला टेकलेल्या तुम्ही आणि समोर चौरेघी वही. अक्षरं तुम्ही झपाट्याने उचललीत. ‘ळ’ आला तेव्हा तुम्हाला केवढा आनंद झाला, तमिळमधलं काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखा. आवाज नव्हता, पण हसताना खांदे हलायचे. थोड्याच आठवड्यांत तुम्ही वाक्यं लिहू लागलात. त्यात ‘ऐसे’ होतं, ‘तैसे’ होतं, ‘मज’ होतं. मी शिक्षिकेच्या उत्साहात लाल पेन्सिल घेतली, ‘ऐसे’ खोडलं आणि वर ‘असं’ लिहिलं.

तुमचा हात टेबलावर इतक्या जोरात पडला की दाराशी बसलेला शिपाई उठून आला. तुम्ही कार्ड ओढून इंग्रजीत लिहिलंत, आणि इतकं दाबून लिहिलंत की शाई मागे उमटली: मी तुझ्याकडे अक्षरं मागितली होती, शब्द मागितले नव्हते.

मी लाल पेन्सिल खणात टाकली. तुम्ही खोडलेल्या शब्दाशेजारी पुन्हा, सावकाश, ‘ऐसे’ लिहिलंत.

निवृत्तीचा समारंभ तुम्हाला नको होता. हार नको, शाल नको. शेवटचा शुक्रवार माझा, एवढंच तुम्ही प्राचार्यांना लिहून दिलंत. खोली भरली होती, प्राध्यापिका भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुस्तक कुठलं ते तुम्ही मलाही सांगितलं नव्हतं. ऐन वेळी तुम्ही दोन पानं माझ्या हातात दिलीत. देवनागरी, तुमच्या हाताची, थोडी कलती. लहानपणी तुमच्या वडिलांनी घरी आणलेल्या पहिल्या पुस्तकाबद्दल होतं ते. चित्रांचं इंग्रजी पुस्तक, घरात कुणाला वाचता न येणारं. तुमच्या आईने चित्रं पाहून त्याची गोष्ट रोज नवी सांगितली, तुमच्या मराठीत, आणि शाळेत जाऊन तुम्ही ते खरोखर वाचलंत तेव्हा तुमचा विरस झाला, कारण आईची गोष्ट जास्त चांगली होती.

मी आधी जसं लिहिलं होतं तसं वाचलं. ‘ऐसे’ला ‘ऐसे’. मुलींना एक अक्षर कळत नव्हतं, तरी शांत बसल्या होत्या. मग मी इंग्रजीत सांगितलं. एका मुलीने विचारलं, ही कुठली भाषा? मी मराठी म्हटलं. तेव्हा मागच्या रांगेतून एक किडकिडीत मुलगी उठली. वाणिज्य शाखेची, रोज पुस्तकं नेणारी, आपल्याशी नेहमी तमिळ बोलणारी. ती म्हणाली, "एंग पाट्टीयुम इप्पडी दान पेसुवांग." माझी आजीपण अशीच बोलते. आणि लाल होऊन खाली बसली.

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. बोलायला तोंड उघडलंत, सवयीने. गळ्याच्या कापडामागून नुसता श्वास आला. मग तुम्ही खुणेने तिला जवळ बोलावलंत, आणि ती आल्यावर माझ्याकडे पाहिलंत, मी विचारावं म्हणून. मी विचारलं, तुमच्या पद्धतीने, "जेवलीस की?" ती तुमच्याकडे बघून म्हणाली, "जेवले." एवढा एकच शब्द तिला येत होता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. भावाने मैलापूरचं घर रिकामं केलं. ती दोन पानं तुम्ही घरी नेली होतीत, पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. शुक्रवार मी निवृत्त होईपर्यंत चालू ठेवला. ती मुलगी काही महिने येत राहिली, मग लग्न होऊन कोइमतूरला गेली. मद्रासचं नावसुद्धा आता बदललं.

आज मुलींसमोर मी तुमचं वाक्य सांगितलं, उठून, फिरून, मग नाही म्हणायचं. भाषण झाल्यावर नव्या लायब्ररियन बाईंनी विचारलं, त्या मॅडम कशा बोलायच्या हो? मी भरभरून सांगितलं. वाक्याचा शेवट वर जायचा, ‘मज’ म्हणायच्या, गोड होतं फार. त्यांना खरं वाटलं.

पण अक्का, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. शब्द सगळे आठवतात. ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. तुमचा आवाज मला आता आठवत नाही, आणि तो केव्हापासून आठवेनासा झाला तेही कळलं नाही.